‘प्रोग्राम हँग झालाय’ हे निरीक्षण नाही

साताऱ्यातली एखादी पतसंस्था घ्या, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची आडत घ्या, नाहीतर एखाद्या साखर कारखान्याचं गट ऑफिस. कॉम्प्युटरवर काही अडलं की तिथून फोनवर एकच वाक्य येतं, “साहेब, प्रोग्राम हँग झालाय.” पलीकडचं उत्तरही ठरलेलं असतं, “बंद करून परत चालू करा.” बहुतेक वेळा काम पुढे सरकतं. त्यामुळे नेमकं काय झालं होतं हे विचारायला कोणाला वेळ नसतो.

पेटची तयारी करणारे मित्र हमखास विचारतात की प्रॉब्लेम स्टेटमेंट लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं. पुस्तकातली व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण लिहायला बसलं की पेन हलत नाही. म्हणून आज वरच्या एका वाक्यावर काम करू. ‘हँग झालाय’ हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे, आणि निम्म्या वेळा चुकीचा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम बऱ्याचदा नीट चालूच असतो. त्याने एक प्रश्न विचारलेला असतो आणि तो उत्तराची वाट बघत असतो. फक्त तो प्रश्न ज्या विंडोत आहे ती विंडो माणसाला दिसत नसते.

(विंडोला इथे मी विंडोच म्हणणार आहे. ऑफिसात ‘खिडकी मागे गेली’ म्हटलं तर शिपाई पडदा सारायला उठेल.)

आधी हे सॉफ्टवेअर कसलं ते सांगतो. आपल्या भागातल्या सहकारी संस्थांत आणि दुकानांत अजून चालणारे कितीतरी प्रोग्राम फॉक्सप्रो, व्हिज्युअल फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले आहेत. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, म्हणजे ९, २००४ मधली, आणि मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये थांबवला. तरी ते चालतात, कारण कामाला पुरतात आणि वीस-वीस वर्षांचे खातेउतारे त्यांच्यात आहेत. लिहिणारा माणूस मात्र कधीच पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

असा प्रोग्राम एकटा कधीच नसतो. मूळ प्रोग्राम बिल करतो, रिपोर्ट छापायला दुसरी एक्झी फाईल उघडतो, तक्ता हवा असेल तर एक्सेलला हाक मारतो. वजनकाट्याचा आकडा आणणारा छोटा प्रोग्राम वेगळा, मराठी टायपिंगचा वेगळा. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो. घोळ होतो तो एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना.

विंडो मागे का जाते

विंडोज सगळ्या विंडो एकावर एक रचलेल्या कागदांसारख्या ठेवते. वरचा कागद कुठला, त्याखाली कुठला, हा क्रम ठरलेला असतो. एकाच प्रोग्रामने ‘हो की नाही’ असा संदेश दाखवला, तर तो संदेश त्या प्रोग्रामच्या मुख्य विंडोचा आश्रित असतो. मालकाच्या मागे तो जात नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत मालक विंडो क्लिक घेत नाही. इथपर्यंत ठीक. पण संदेश दुसऱ्या प्रोग्रामने दाखवला तर विंडोजच्या लेखी त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. तो कागद ढिगात कुठेही बसू शकतो.

आता महत्त्वाची गोष्ट. विंडोज ९५ च्या काळात कुठलाही प्रोग्राम स्वतःची विंडो उचलून सगळ्यांच्या पुढे आणू शकत असे. लोक टाईप करत असायचे आणि मध्येच दुसरी विंडो उडी मारून पुढे यायची. विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने हे बंद केलं. पुढे येण्याचा हक्क आता ठरावीक प्रोग्रामनाच असतो, उदाहरणार्थ जो आत्ता पुढे आहे त्याला, किंवा त्याने स्वतः सुरू केलेल्याला. इतर कोणी प्रयत्न केला तर टास्कबारवरचं त्याचं बटण नुसतं लुकलुकतं. आणि दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे पुढच्या प्रोग्रामकडून मिळालेला हक्कही टिकाऊ नसतो. दुसरा प्रोग्राम उघडत असताना वापरणाऱ्याने मध्येच दुसरीकडे कुठे क्लिक केलं किंवा की दाबली, तर तो हक्क जातो.

हे वाचून जरा थांबा, कारण यात संशोधनाच्या दृष्टीने सोनं आहे.

समजा बिलाच्या प्रोग्रामने रिपोर्टचा प्रोग्राम सुरू केला. मशीन जुनं, उघडायला सहा-सात सेकंद लागतात. ऑपरेटरला वाटतं बटण लागलं नाही, म्हणून तो परत क्लिक करतो. तेवढ्या क्लिकने रिपोर्टचा पुढे येण्याचा हक्क गेला. ‘कुठल्या प्रिंटरवर काढू?’ हा त्याचा प्रश्न बिलाच्या विंडोमागे उघडतो. बिलाचा प्रोग्राम रिपोर्ट संपायची वाट बघत बसलेला, त्यामुळे तो क्लिकला उत्तर देत नाही. एखादी विंडो साधारण ५ सेकंद संदेश घेत नसली की विंडोज तिच्या नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लिहून टाकते. झालं! ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर पुरावाच आला की प्रोग्राम हँग आहे. तो टास्क मॅनेजरमध्ये जाऊन बंद करतो.

तक्रार ऐकून सॉफ्टवेअरवाला येतो. तो खुर्चीत बसतो, बटण दाबतो आणि हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत राहतो. मध्ये क्लिक नाही, त्यामुळे विंडो बरोबर पुढे येते. “चालतंय की. तुम्हीच काहीतरी करताय,” असं म्हणून तो चहा पिऊन जातो. दोघंही खरं बोलत असतात. दोष दिसतो की नाही हे निरीक्षक कीबोर्डला हात लावतो की नाही यावर अवलंबून आहे. व्हेरिएबल प्रोग्राममध्ये शोधत बसलो तर जन्मात सापडणार नाही.

वाळवा तालुक्यातल्या एका ऑफिसात मी एक वाक्य ऐकलं होतं. तिथल्या ज्येष्ठ ताई नव्या मुलाला सांगत होत्या, “बटण दाबलंस की दहापर्यंत आकडे मोज, माऊसला शिवायचं नाही.” ऐकताना मला तो मांजर आडवं जाण्यातला प्रकार वाटला. पण नियम तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. ताईंनी वर्षानुवर्षं बघून तो काढलेला. कारण माहीत नसताना नियम सापडू शकतो, आणि फील्डवर्कमध्ये असे नियम वहीत उतरवून घ्या. मुलाखतीत ‘अडचणी कोणत्या येतात?’ असं विचारलं तर ते कधी येणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती अडचण राहिलेलीच नसते.

बंद करण्याची किंमत

एवढं होऊन गेलं तरी विंडो मागे गेली तर गेली, बंद करून परत चालू केली, त्यात काय मोठं? मोठं आहे. बऱ्याच जुन्या प्रोग्राममध्ये नोंद आधी लिहिली जाते आणि छपाई नंतर होते. म्हणजे प्रिंटरचा प्रश्न मागे लपलेला असतो तेव्हा बिल फाईलमध्ये बसलेलं असतं. प्रोग्राम मारून परत तेच बिल भरलं की नोंद दोनदा. फॉक्सप्रोत आणखी एक भीती असते. मधेच प्रोग्राम मारला तर डेटाची डीबीएफ फाईल आणि तिची सीडीएक्स इंडेक्स फाईल यांचा मेळ बिघडू शकतो. मग शोधलेला सभासद सापडत नाही, यादीतून गायब होतो. माणूस यादीत आहे, पैसे आहेत, फक्त इंडेक्स त्याच्यापर्यंत नेत नाही.

गळीत हंगामात हे घडलं तर काय होतं बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली, पंधरवड्याची बिलं काढायची. अशा वेळी ऑपरेटर ‘हँग’ झालेला प्रोग्राम सरळ मारतो, दुसरं काय करणार?

एक्सेल लपून बसतो तेव्हा

दुसरा नमुना एक्सेलचा. जुना प्रोग्राम एक्सेलला पडद्यामागे सुरू करतो, स्क्रीनवर न दाखवता, आणि तक्ता भरून फाईल सेव्ह करायला सांगतो. त्या नावाची फाईल कालची आधीच असेल तर एक्सेल विचारतो, ‘बदलू का?’ ही विंडो बऱ्याचदा मागेच राहते. इकडे व्हिज्युअल बेसिकचा प्रोग्राम थोडा वेळ थांबून स्वतःची एक चौकट दाखवतो, ‘दुसरा प्रोग्राम कामात आहे, तिकडे जा किंवा परत प्रयत्न करा’ अशा अर्थाची. ऑपरेटर ‘परत प्रयत्न’ दाबत राहतो, चौकट परत परत येत राहते. दुरुस्ती सोपी असते: सेव्ह करण्याआधी जुनी फाईल काढून टाकणं, किंवा एक्सेलला प्रश्न विचारू नको असं कोडमध्ये सांगणं. पण तिथवर जायला ‘हा त्रास फक्त दुसऱ्या वेळी होतो, पहिल्या वेळी नाही’ हे कोणीतरी टिपलेलं लागतं.

आणखी एक गंमत आहे. व्हिज्युअल बेसिकमध्ये दुसरा प्रोग्राम सुरू करणारी जी ‘शेल’ नावाची आज्ञा आहे, तिला विंडो कशी उघडायची हे सांगितलं नाही तर ती दुसरा प्रोग्राम मिनिमाईज करूनच उघडते. लिहिणारा विसरला की ऑपरेटरसमोर काहीच येत नाही, खाली टास्कबारवर एक बटण तेवढं वाढतं.

विंडो स्क्रीनच्या बाहेर उघडणं हा प्रकार मी भरभर सांगतो, कारण तो समजला की संपला. प्रोग्राम बंद होताना स्वतःची जागा लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतो. मध्ये दुसरा मॉनिटर काढला असेल, तर ती जागाच उरलेली नसते. मिनिमाईज असताना जागा लिहून ठेवली तर उणे ३२००० असा आकडा नोंदला जातो आणि विंडो कायमची अदृश्य. टास्कबारवर ती निवडून ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग एखादी बाणाची की, आणि नंतर माऊस हलवला की विंडो हाताला लागून परत येते. नव्या लॅपटॉपवर अक्षरं मोठी करण्याची सोय असते, तिच्यामुळेही घोळ होतो. जुन्या प्रोग्रामला ती कळत नाही, नव्याला कळते. त्यामुळे एकाने मोजलेली जागा दुसऱ्याच्या हिशोबाने भलतीकडे पडते.

संदेश दिसतो, पण वाचता येत नाही

आता खास आपल्याकडचा प्रश्न. इंग्रजी पुस्तकांत हा सापडणार नाही, आणि माझ्या मते विषय शोधणाऱ्याने इथेच थांबून बघावं.

युनिकोड रुळण्याआधी मराठी दाखवायला विशिष्ट फॉन्ट वापरत. त्यात युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फाईलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट लावला की ती मराठी दिसतात. फॉर्मवर फॉन्ट लावलेला असतो, म्हणून सभासदाचं नाव झकास मराठीत दिसतं. पण ‘हो की नाही’ विचारणारी चौकट प्रोग्राम स्वतः काढत नाही, ती विंडोज काढते, स्वतःच्या फॉन्टमध्ये. तिथे तेच मराठी वाक्य रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन येतं.

म्हणजे ज्या क्षणी माणसाला सावध करायचं, नेमका त्याच क्षणी मजकूर वाचता येत नाही. ‘या सभासदाचं बिल आधीच झालं आहे, परत करायचं?’ हा प्रश्न खिचडीत येतो आणि ऑपरेटर सवयीने एंटर मारतो. काही प्रोग्रामर मंडळींनी यावर तोडगा काढला होता, संदेश रोमन लिपीतल्या मराठीत लिहायचे. दिसायला ओबडधोबड, पण वाचता येतात. मला तो तोडगा हुशारीचा वाटतो.

मग युनिकोड आलं, विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरी आली. मोबाईलवर, वर्डमध्ये टाईप केलेलं मराठी लोक जुन्या प्रोग्राममध्ये चिकटवू लागले आणि तिथे दिसू लागली प्रश्नचिन्हं. कारण असं की व्हिज्युअल बेसिक ६ आतल्या आत मजकूर युनिकोडमध्येच ठेवतं, पण त्याच्या साध्या चौकटी जुन्या पद्धतीच्या कोडपेजवर चालतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसं कोडपेजच नाही. ज्या अक्षराला जागा नाही त्याचं प्रश्नचिन्ह होतं.

दोन्ही बिघाड ऑपरेटरच्या भाषेत एकच, ‘मराठी दिसत नाही’. पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खिचडी दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे. योग्य फॉन्ट लावा किंवा कन्व्हर्टरमधून काढा, नाव परत मिळतं. प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि कोणी त्या अवस्थेत ‘सेव्ह’ दाबलं, तर फाईलमध्ये प्रश्नचिन्हंच लिहिली जातात. मूळ नाव गेलं. त्या चिन्हांवरून कुठलाही कन्व्हर्टर ‘पाटील’ की ‘पवार’ हे सांगू शकत नाही.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: बिघडलंय ते दिसणं की असणं? फक्त दिसणं बिघडलं असेल तर घाई नाही. असणं बिघडत असेल तर पहिलं काम सगळ्यांना सेव्ह करण्यापासून थांबवणं.

मग लिहायचं कसं

समजा तुम्ही लिहिलंत, ‘ग्रामीण सहकारी संस्थांतील जुन्या सॉफ्टवेअरमधील समस्यांचा अभ्यास’. गाईड मान डोलवतीलही, पण यातून उद्या सकाळी उठून काय करायचं हे कळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘बिलाचा प्रोग्राम रिपोर्टचा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा, ऑपरेटरने मधल्या काळात क्लिक केल्यास रिपोर्टची विंडो मागे उघडण्याचं प्रमाण बदलतं का?’ आता प्रयोग आपोआप समोर येतो. तेच मशीन, तोच प्रोग्राम, तीच बिलं. काही वेळा हात न लावता, काही वेळा ठरावीक सेकंदाला क्लिक करून. बाकी सगळं तसंच ठेवायचं. विंडोज बदलून बघायची असेल तर ती वेगळी फेरी, त्याच फेरीत प्रिंटरही बदलायचा नाही.

नोंद ठेवताना ‘हँग’ हा शब्दच वापरू नका. कुठली विंडो पुढे होती, टास्कबारवर बटणं किती होती, कुठलं लुकलुकत होतं, क्लिक केल्यावर ‘टिंग’ आवाज आला का, ऑल्ट आणि टॅब दाबल्यावर यादीत काय दिसलं, हे लिहा. त्या आवाजाला कमी लेखू नका. मालक विंडो आश्रिताच्या उत्तरासाठी थांबली असेल तर क्लिकवर बहुधा आवाज येतो, प्रोग्राम खरंच अडकला असेल तर येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारं स्पाय प्लस प्लस नावाचं साधन विंडोचा मालक कोण आणि ती स्क्रीनवर कुठल्या जागी आहे हे दाखवतं. ते वापरायला जरूर शिका, पण आधी डोळ्यांनी बघा.

प्रश्न दुसऱ्या पातळीवरही विचारता येतो. वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, गावोगावी कॉम्प्युटर केंद्रं आली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी तिथे अभ्यास केला. ही केंद्रं चांगली कशी चालवायची एवढंच न विचारता लोक त्यांचा प्रत्यक्ष वापर कशाला करतात हे त्यांनी बघितलं. वापर मुख्यतः ऊस कारखान्याशी संबंधित माहितीचा होता. मग ७ गावांत ८ महिने त्यांनी तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून दाखवलं. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त पसंत पडलं. विंडो मागे जाण्याचा प्रश्न तिथे उरलाच नाही, कारण शेतकऱ्यापुढे विंडोच नव्हती. तुमच्या प्रश्नाची पातळी कुठली हे सिनॉप्सिस लिहिण्याआधी ठरवा. दोन्ही पातळ्या एकाच प्रबंधात कोंबल्या तर तीन वर्षांची पाच होतात.

फील्डवर जाणार असाल तर काही गोष्टी आधी करा. चालू मशीनवर प्रयोग करू नका. डेटाचं फोल्डर संपूर्ण कॉपी करून घ्या, डीबीएफबरोबर सीडीएक्स आणि एफपीटी फाईलही घ्या, नाहीतर कॉपी उघडणार नाही. त्यासाठी संस्थेच्या सचिवांची किंवा मॅनेजरची लेखी परवानगी लागेल. नुसतं “चालतंय की” यावर जाऊ नका. स्क्रीनचे फोटो काढाल त्यात सभासदाचं नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक दिसते, ती झाकल्याशिवाय फोटो गाईडनाही पाठवायचा नाही. आणि हंगाम सुरू असताना गट ऑफिसात पंधरवड्याच्या बिलांच्या दिवशी जाऊ नका. चहा मिळेल, पण खुर्ची मिळणार नाही.